फ्लो लागायला दहा हजार तास लागत नाहीत

मोठेपणी हौसेनं बॅले शिकणाऱ्यांमध्ये एक फॉरवर्ड फिरतोय: ‘दहा हजार तास सराव झाल्याशिवाय नाचताना फ्लो, म्हणजे ती तल्लीन अवस्था, लागत नाही.’ हे चूक आहे.

दहा हजारांचा आकडा येतो १९९३च्या, बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासातून. तोही उत्तम वादकांच्या सरावाची सरासरी म्हणून, अट म्हणून नव्हे. आणि विषय होता कौशल्य. फ्लोशी त्याचा संबंधच नव्हता.

फ्लोची कल्पना १९७५ साली पुस्तकातून मांडली मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी. त्यासाठी ते गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, रॉक संगीतावर नाचणारे अशांशी बोलले. त्यात हौशी मंडळीही होती. त्यांच्या मते महत्त्वाचं काय, तर आव्हान आणि आपली कुवत यांचा मेळ, स्पष्ट लक्ष्य आणि चूक लगेच कळणं.

बारवरचा, म्हणजे हातानं धरायच्या आडव्या दांड्याजवळचा, साधा तांद्यू हा बॅलेचा व्यायाम घ्या. पाऊल जमिनीला घासत पुढे न्यायचं, फक्त बोटं टेकलेली ठेवायची, पियानोच्या ठेक्यावर परत आणायचं. घोटा कलला की तत्क्षणी कळतं. सहा महिने शिकलेल्यालाही इथे वेळेचं भान सुटू शकतं. मग दांडा सोडून खोलीच्या मधोमध येऊन छोट्या उड्यांची मालिका सुरू झाली, की ‘आता कुठला पाय?’ या विचारात सगळं विस्कटतं. समोरचा आरसाही काही कमी नाही. नजर स्वतःच्या पोटावर गेली की संपलंच!

फ्लोमध्ये सगळं आपोआप होतं, हेही अर्धसत्य. मेहनत चालूच असते, फक्त ती जाणवत नाही. पोटऱ्या दुसऱ्या दिवशी हिशेब मागतातच.