‘युनियन आली की कंपनी जाते’ हे खोटं आहे

परवा ताईने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली आपल्या मुलाला लिहिलं, ‘बघ रे बाबा, असल्या भानगडीत पडू नकोस.’ भाचा चाकणला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, ठेकेदाराकडून लागलाय. तिथली पोरं युनियनच्या फॉर्मवर सह्या गोळा करतायत. तोही करणार होता. मेसेज वाचून थांबला. म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजात चार गोष्टी ठोकून दिल्यात. मुंबईच्या गिरण्या कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या संपाने संपवल्या. बांगलादेशात युनियनची कटकट नाही म्हणून जगाचे कपडे तिथे शिवले जातात. कोरिया संप न करता श्रीमंत झाला. आणि भारतात कामगाराला काढताच येत नाही, म्हणून इथे कारखाने येत नाहीत.

बांगलादेशपासून सुरू करतो, कारण या मुद्द्याने माणसं मरतात.

ढाक्याजवळ सावारला राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. त्यात पाच गारमेंट कारखाने, खालच्या भागात दुकानं आणि एका बँकेची शाखा. २३ एप्रिल २०१३ ला इमारतीला मोठे तडे गेलेले दिसले. सगळ्यांना बाहेर काढलं. पाहायला आलेल्या इंजिनिअरने इमारत धोक्याची आहे असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बँकेने आपली माणसं येऊ दिली नाहीत, दुकानंही उघडली नाहीत. शिलाईवर बसणाऱ्या पोरींना मात्र बोलावलं, आत गेला नाहीत तर पगार कापू म्हणून धमकावलं. सकाळी वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि नऊच्या सुमारास इमारत खाली बसली. १,१३४ जण मेले.

तडे सगळ्यांनाच दिसले होते. त्या पाचांपैकी एकाही कारखान्यात युनियन नव्हती. ‘मी आत जाणार नाही’ असं एकटीने म्हटलं तर घरभाडं थकतं. सगळ्यांनी मिळून म्हणायचं, तर कुणाच्या नावाने म्हणायचं? ताई, तू पुढे पाठवलेल्या मेसेजात याच व्यवस्थेचं कौतुक आहे.

आता पुढचं ऐक. त्या मे महिन्यात परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बांधणारा करार झाला. कारखान्यांची तपासणी, दुरुस्ती, आणि जिवाला धोका दिसला तर काम नाकारायचा हक्क, हे सगळं त्यात आलं. तोवर तिथे युनियनच्या नोंदणीचा अर्ज केला की सभासदांची यादी सरकारमार्फत मालकाच्या हाती जायची. त्याच वर्षीच्या कायद्याने ते थांबवलं. गारमेंटमधलं किमान वेतन ३,००० टकांवरून (टका म्हणजे तिथलं चलन) ५,३०० झालं. मेसेजच्या हिशोबाने यानंतर धंदा पळून जायला हवा होता. तयार कपड्यांची निर्यात २०१२-१३ मध्ये साधारण २१.५ अब्ज डॉलर होती, २०१८-१९ मध्ये ती ३४ अब्जांवर गेली. तिथल्या युनियन अजून दुबळ्या आहेत, पुढे येणाऱ्याला अजून त्रास होतो, हेही खरंच. पण युनियन आल्या म्हणून धंदा गेला, असं तिथे घडलेलं नाही.

गिरण्यांच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करतो. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि संप कुठे थांबवायचा हे डॉ. सामंतांनी ठरवलंच नाही. कितीतरी संसार त्यात बसले. पैसे खाणारे पुढारी मीही पाहिलेत. पण संप एवढा ताणला का गेला? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे मालकांशी बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगार सामंतांच्या मागे आणि बोलणी दुसऱ्याशी! कामगारांना आपला माणूस निवडू दिला असता तर बोलणी तरी झाली असती. शिवाय यंत्रं जुनाट झालेली, कापड भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर गेलेलं. गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट तर १९९१ च्या नियमाने सरकारनेच काढून दिली. तो नियम काही सामंतांनी केला नव्हता.

कोरियाचं थोडक्यात. हुकूमशाहीत तिथे संघटना चिरडल्या होत्या, हे खरं. पण १९८७ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये तिथे तीन हजारांवर संप झाले, पगार झपाट्याने वाढले, आणि श्रीमंत देशांच्या संघटनेत कोरिया गेला तो त्यानंतर, १९९६ मध्ये.

राहिलं ‘काढताच येत नाही’. कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागायची ती शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना. नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नव्या कामगार कायद्यात, औद्योगिक संबंध संहितेत, ती मर्यादा ३०० केली आहे. आणि ठेकेदाराकडून लागलेल्या पोरासाठी परवानगी मागायला कोण जातं? भाच्याच्याच लाइनवरच्या एका मुलाची दोन बोटं प्रेसखाली गेली. हात आत आला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो, तो मालाचा ठरलेला काउंट पुरा व्हावा म्हणून बायपास करून ठेवला होता. महिन्या-दीड महिन्याने पट्टी सुटल्यावर तो कामावर गेला, तर गेटवरच सांगितलं की तुझा पास बंद झालाय. नोटीस नाही, हिशोब नाही, हातात एक कागद नाही.

त्या मशीनवर आता भाचा आहे. सेन्सर अजून बंदच आहे. हे त्याने मला सांगितलं, सुपरवायझरला सांगायची त्याची छाती होत नाही. ताई, फॉर्म त्याच्या बॅगेत आहे. त्याला सही करू दे.