काखेत गेला म्हणजे लास्ट स्टेज? कुणी सांगितलं?

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड. ब्रेस्ट कॅन्सर काखेतल्या गाठींत गेला की शेवटची स्टेज, सहा महिने फक्त, सुई टोचली की अजून पसरतो, म्हणून किमो वगैरे करून बाईचे हाल करू नका. खाली सगळ्यांनी हात जोडलेत.

आधी स्टेजचं बघू. चौथी स्टेज म्हणजे हाडं, फुप्फुस, लिव्हर, मेंदू असा लांब गेलेला. काखेतल्या गाठी म्हणजे लिम्फ नोड, त्या सगळ्यांनाच असतात, पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तसलेच. (छातीतली पण गाठ न् काखेतली पण गाठ, अर्धा घोळ या शब्दानेच होतो.) कॅन्सर तिथवरच असेल तर स्टेज बहुतेक दुसरी नाहीतर तिसरी. किती नोडमध्ये सापडला तेही बघतात, 1 ते 3, 4 ते 9, 10 किंवा जास्त. मावशीच्या रिपोर्टवर 3/14 होतं, काका ते बघून मटकन खालीच बसले, त्यांना वाटलं तिसरी स्टेज. अहो, 14 नोड काढून तपासले त्यातल्या 3 मध्ये सापडला, एवढंच! स्टेज निघाली टू बी, म्हणजे दुसरीच.

सहा महिने कुठून आणले देव जाणे. अमेरिकेतल्या आकड्यांत, त्याच वयाच्या बाकी बायकांच्या तुलनेत 5 वर्षं जगण्याचं प्रमाण काखेपर्यंत गेलेल्यांत साधारण 86-87 टक्के आहे, स्तनापुरताच असेल तर 99 च्या वर, लांब पसरला तर मात्र 30 च्या आसपास. आपल्याकडे कमी येतं कारण बायका उशिरा दाखवतात आणि ट्रीटमेंट मध्येच सोडतात, आणि सोडा म्हणून सांगणारे हेच फॉरवर्ड.

सुईने पसरतो याला आधार नाही. उलट बायोप्सी (म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) केली नाही तर हार्मोन रिसेप्टर (कॅन्सर हार्मोनवर वाढतो का), हर-टू (त्या नावाचं प्रोटीन जास्त आहे का) पॉझिटिव्ह का निगेटिव्ह ते कळणारच कसं, आणि हार्मोनवालं टॅमॉक्सिफेन द्यायचं का हर-टूवरचं ट्रास्टुझुमॅब ते त्यावरच ठरतं.

नोडमध्ये गेला की परत उलटायचा धोका वाढतो हे खरंय, नाही म्हणत नाही, पण किमो-रेडिएशन देतात ते त्यासाठीच ना?

आणि खरा त्रास, नोड काढल्यावर हात सुजू शकतो, मावशीला अजून त्या हाताची बांगडी चढत नाही, त्याबद्दल या मेसेजात एक अक्षर नाही.