मेट्रोनोम म्हणे!

गेल्या आठवड्यात ‘माझे पाच’ हा लेख टाकला होता. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स, त्याच बँडचा गिटारिस्ट कीथ रिचर्ड्स, बीटल्सचा रिंगो स्टार, लेड झेपलिनचा जॉन बॉनम आणि बीटल्सचाच जॉर्ज हॅरिसन. तीन ड्रमर, दोन गिटारिस्ट. बहुतेकांनी आपापले पाच कळवले, दोघांनी जुन्या कॅसेटच्या आठवणी काढल्या. ‘तालवेडा’ या टोपणनावाच्या एका वाचकाने मात्र पुढचा मजकूर पाठवला. जसाच्या तसा देतो, नंतर मोडतोड केली म्हणायला नको:

“काका, चार्ली वॉट्स पहिला? जरा कान साफ करा. तो ड्रमर नाही, मेट्रोनोम आहे. एवढं तर आमच्या ढोलपथकातलं पोरगंही वाजवेल. नील पर्टचं नाव नाही, यातच सगळं आलं. पाचही इंग्लंडचे गोरे. त्यांनी ज्यांचं ऐकून उचललं त्या फ्रेड बिलो, अर्ल फिलिप्सचा पत्ताच नाही. आणि चार्ली ‘पहिल्या दिवसापासून’ स्टोन्समध्ये नव्हता. एवढंही माहीत नसेल तर लिहायचं कशाला?”

तालवेडा यांस,

आधी माझी चूक. चार्ली पहिल्या दिवसापासून नव्हता, हे तुमचं बरोबर. स्टोन्सचा पहिला कार्यक्रम लंडनच्या मार्की क्लबमध्ये १२ जुलै १९६२ ला झाला आणि चार्ली आला जानेवारी १९६३ मध्ये. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. सहा महिन्यांनी चुकलो. तिथून २४ ऑगस्ट २०२१ ला तो गेला तोपर्यंतची अठ्ठावन्न वर्षं माझ्या हिशेबात बरोबर होती, तेवढे मार्क द्यावेत.

आता ‘काका’. काका म्हणायला माझी काहीच हरकत नाही. वय साठीच्या पुढे गेलंय, सोसायटीतली पोरंही काकाच म्हणतात, आणि त्यांच्या तोंडून ते गोड लागतं. पण तुमच्या ‘काका’च्या मागोमाग ‘जरा’ येतो, आणि ‘जरा’च्या मागोमाग कान साफ करायचा सल्ला. आमच्या घरी मोठ्यांशी असं बोललेलं चालत नसे. तुमच्याकडे चालत असेल. टोपणनावाच्या आडून तर काहीही चालतं.

एक किस्सा सांगतो. १९८४ साली ॲमस्टरडॅमच्या हॉटेलात स्टोन्सचा गायक मिक जॅगरने अपरात्री चार्लीच्या खोलीत फोन केला आणि ‘माझा ड्रमर कुठेय’ असं काहीसं विचारलं. चार्ली उठला, दाढी केली, सूट चढवला, टाय बांधला, खाली आला आणि जॅगरला ठोसा लगावला. हे कीथने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. मी डोंबिवलीत राहतो, माझ्याकडे लग्नातला एकच सूट आहे आणि तो आता बसत नाही, म्हणून लिहून भागवतोय.

आता ते वाक्य. ‘तो ड्रमर नाही, मेट्रोनोम आहे.’

मेट्रोनोम म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असावं असं मी धरून चालतो. टिक टिक करणारं यंत्र, पहिल्या मात्रेला जी लय तीच शेवटच्या मात्रेला. बरं. मग एक काम करा. ‘हॉंकी टॉंक विमेन’ लावा, १९६९ चं. सुरुवातीला काठीने वाजवायची घंटा, म्हणजे काऊबेल, ऐकू येते, ती त्यांच्या निर्मात्याने, जिमी मिलरने वाजवलीय. मग चार्ली शिरतो, पण असा शिरतो की सम कुठे आहे याचा क्षणभर पत्ता लागत नाही. मग कीथची गिटार. आता सुरुवातीची लय पायाने धरून ठेवा आणि गाणं शेवटाला आल्यावर पुन्हा मोजा. तीनच मिनिटांचं गाणं आहे, तुमचा फार वेळ जाणार नाही. लय चढलेली असते, आणि थोडीथोडकी नाही. जत्रेत पाळणा वेग घेतो तशी. ऐकताना कळतही नाही, फक्त शेवटाला आपण खुर्चीत सरळ बसलेलो असतो. माझ्या मेट्रोनोमने असं केलं तर मी तो दुकानात परत नेऊन देईन.

म्हणजे तुम्ही चार्लीवर निदान चुकीचा तरी आरोप करू नका. ‘लय पळवतो’ म्हणाला असतात तर मी ऐकून घेतलं असतं.

आणि लय जाते कुणामागे, हेही सांगतो, कारण चार्लीबरोबर कीथ माझ्या यादीत का आहे हे तुमच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. साधारण बँडमध्ये सगळे ड्रमरच्या मागे जातात. स्टोन्समध्ये चार्ली कीथच्या मागे जायचा. त्यांचा बास वाजवणारा बिल वायमन हे सांगून गेलाय. त्यामुळे गिटार केसभर पुढे आणि ड्रम केसभर मागे, आणि त्या फटीत ते सगळं झुलतं. कीथ असल्या गाण्यांसाठी गिटारची सहावी तार काढूनच टाकतो. उरलेल्या पाच तारा जी-डी-जी-बी-डी अशा लावल्या की नुसता हात फिरवला तरी जी मेजर हा कॉर्ड वाजतो. गिटारच्या क्लासमध्ये पोरं सातवी तार, आठवी तार मागत असताना हा माणूस असलेली तार काढून ठेवतो! मी हे करून पाहिलंय, भाच्याच्या गिटारवर. पाच मिनिटांत सूर जमतात. फट काही जमत नाही.

आता उजव्या हाताबद्दल. साधा रॉकचा ठेका घ्या. हाय-हॅटवर, म्हणजे स्टँडवरच्या झांजांच्या जोडीवर, एका मात्रेत दोन असे आठ ठोके, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा पुढचा ड्रम. दहातले नऊ ड्रमर त्या दुसऱ्या-चौथ्या मात्रेला दोन्ही हात मारतात, हाय-हॅटही आणि स्नेअरही. चार्ली नाही मारत. स्नेअर पडताना त्याचा उजवा हात हाय-हॅटवरून उचललेला असतो. त्यामुळे स्नेअर एकटी पडते, उघडी, तिच्यावर झांजेची चळचळ नसते. तबल्यातली ‘खाली’ वेगळी, हे मला माहीत आहे, त्यावरून दुसरं पत्र पाठवू नका. पण ज्याने आयुष्यात एकदा तरी त्रितालात बाराव्या मात्रेनंतर तेराव्याची वाट पाहिली असेल, त्याला रिकामी जागाही वाजते हे पटवून द्यावं लागत नाही.

हे मी वाचून सांगत नाहीये. ७ एप्रिल २००३ ला मी ब्रेबॉर्न स्टेडियमवर होतो. बँकेतून अर्धा दिवस रजा, दादरला गाडी बदलून चर्चगेट, अंगाला चिकटलेला शर्ट. स्टेजवरचा चार्ली मला खसखशीएवढा दिसत होता. मोठ्या पडद्यावर कॅमेरा बहुतेक वेळ जॅगरमागे पळत होता, पण अधूनमधून ड्रमवर यायचा, आणि तेव्हा तो हात उचललेला दिसायचा. माझ्या पुढे एक कॉलेजचा मुलगा हवेत ड्रम वाजवत उभा होता. अगदी तल्लीन. त्याचा उजवा हात प्रत्येक वेळी दुसऱ्या मात्रेला खाली येत होता. पडद्यावरचा हात वर, याचा खाली. पूर्ण एक गाणं मी तेवढंच बघत होतो. तो मुलगा तुम्ही तर नव्हतात?

(परतीच्या गाडीत उभं राहून आलो. पाय चार्लीच्याच ठेक्यात हलत होता आणि शेजारच्या गृहस्थांनी दोनदा रागाने पाहिलं. असो.)

‘एवढं तर आमच्या ढोलपथकातलं पोरगंही वाजवेल.’ हे वाक्य तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंत, आणि त्यात तुम्ही चार्लीपेक्षा त्या पोराचा जास्त अपमान केलात. विसर्जनाच्या दिवशी कधी पथकाच्या मध्ये उभे राहिलात का? ताशा पुढे पळत असतो, त्याला पळायलाच ठेवलेलं असतं. त्याच्याकडे लोक बघतात, त्याचे व्हिडिओ निघतात. कमरेला ढोल बांधून सहा-सात तास चालणारं पोरगं एकच काम करत असतं. बाकीच्या चाळीस ढोलांबरोबर पडायचं, आधी नाही, नंतर नाही. खांदे भरून येतात, हाताला पट्ट्या बांधलेल्या असतात, आणि दर वर्षी कुणीतरी नवा उत्साही मध्येच स्वतःची करामत घालतो नि सगळी रांग ढासळते. होय, त्या पोराला चार्ली कळेल. तुमच्याआधी कळेल.

तो नवा उत्साही मी होतो, म्हणून सांगतो. ढोलावर नव्हे, ड्रमवर. १९८५ ते ८७ तीन वर्षं कल्याण-डोंबिवलीकडच्या एका ऑर्केस्ट्रात मी ड्रम वाजवायचो. गणपतीत दहापैकी आठ रात्री कार्यक्रम असायचे, टेम्पोत सामान, टेम्पोतच झोप, एका रात्रीचे पंचाहत्तर रुपये. माझं सगळं लक्ष रोलवर, म्हणजे मध्ये घालायच्या भराभर ठोक्यांवर. अंतरा आला की मी सगळ्या ड्रमवरून असा फिरायचो की पुढच्या रांगेतल्या पोरांनी शिट्टी मारलीच पाहिजे. एका रात्री माझा रोल आवर्तन संपून पुढे गेला आणि गाणाऱ्या बाईंना अंतरा उचलताच आला नाही. त्या हसून वेळ मारून नेत उभ्या राहिल्या. मालकांनी माझे वीस रुपये कापले. ढोलकीवाले मास्तर वयाने वडिलांएवढे होते, कधी जास्त बोलायचे नाहीत. रात्री दीड वाजता वडापावच्या गाडीवर मला म्हणाले, “रोल झकास होता रे. गाणं कुणाचं होतं?”

त्या रात्री मी तालवेडा होतो. पुढच्या वर्षी बँक लागली, ड्रम विकले, स्नेअर तेवढी माळ्यावर आहे.

नील पर्ट. मी पर्टला यादीत घेतलं नाही म्हणजे मला पर्ट माहीत नाही, असं तुम्ही कसं ठरवलंत? कॅनडाच्या रश या बँडमधला तो प्रचंड ड्रमसेट, गाण्यांचे शब्दही त्याचेच, ७ जानेवारी २०२० ला तो गेला, ती बातमी कळली तेव्हा मीही दिवसभर रशच ऐकलं. पण तुमच्या या देवाने काय केलं ते तुम्हाला माहीत आहे का? १९७४ पासून वीस वर्षं वाजवून झाल्यावर, जगभरचे ड्रमर पायाशी बसलेले असताना, तो फ्रेडी ग्रूबर नावाच्या एका जुन्या शिक्षकाकडे शिकायला गेला. काठी धरायची पद्धत बदलली, पुन्हा सुरुवातीपासून रियाझ केला. आपलं वाजवणं फार ताठ, फार मोजूनमापून झालंय असं त्याचं त्यालाच वाटायला लागलं होतं, म्हणून. आता मेट्रोनोम कुणाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मी म्हणणार नाही, मला पर्टबद्दल आदर आहे.

एका वाक्यात माणसाचा निकाल लावायची ही हौस तशी जुनी आहे. ‘रिंगो तर बीटल्समधलासुद्धा सर्वोत्तम ड्रमर नव्हता’ हे वाक्य जॉन लेननच्या नावावर अजून व्हॉट्सॲपवर फिरतंय. ते बीबीसीच्या एका विनोदी रेडिओ कार्यक्रमातलं आहे, १९८१ मधलं. लेनन डिसेंबर १९८० मध्ये गेला होता. वाक्य टाळीचं असलं की ते कुणाचं आहे हे कोण बघतो? तुमच्या मेट्रोनोमलाही टाळ्या पडल्यात, खाली सात जणांनी अंगठा दाखवलाय. त्यातल्या दोघांना मी ओळखतो. दोघांनाही मोजायला येत नाही.

पाचही इंग्लंडचे, गोरे वगैरे. लेखाचं नाव ‘माझे पाच’ होतं, ‘जगातले पाच’ नव्हतं. बिलो आणि फिलिप्स हे अमेरिकन ब्लूजमधले काळे ड्रमर मोठे होते यात वादच नाही. ब्लूज गायक जिमी रीडमागे वाजवणारा अर्ल फिलिप्स चार्लीला ऐकायला लावला तोच मुळी कीथ आणि स्टोन्सचाच दुसरा गिटारिस्ट ब्रायन जोन्सने. म्हणजे ती नावं चार्लीच्या हातात आहेतच, वेगळी कशाला लिहायची? हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, सवडीने लिहीन. प्रत्येक वेळी मुळापासून सुरुवात करायची तर माझी यादी आफ्रिकेतल्या पहिल्या ढोलापर्यंत जाईल.

आणि चार्ली कुठून आला हे विचारताच आहात, तर ऐका. चौदाएक वर्षांचा असताना त्याने बँजो घेतला होता. तो काही जमेना. मग त्याने बँजोची मानच काढून टाकली, उरलेलं गोल स्टँडवर ठेवलं आणि त्यावर ब्रशने वाजवायला लागला. जॅझवाल्या जेरी मलिगनच्या रेकॉर्डवर चिको हॅमिल्टनचे ब्रश ऐकून त्याला ते वेड लागलं होतं. चिको हॅमिल्टन काळा होता, अमेरिकन होता, हे तुमच्या माहितीसाठी. पुढे अख्खी हयात स्टेडियम भरवूनही चार्लीचा सेट लहानच राहिला, चारच ड्रम, बरीच वर्षं तर ग्रेट्श कंपनीचा १९५७ चा सेट. मला हा माणूस का आवडतो, याचं यापेक्षा वेगळं उत्तर माझ्याकडे नाही. मान काढून टाकायची नि उरलेल्यावर वाजवायचं.

‘लिहायचं कशाला’ या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. ही जागा माझी आहे, वाचायची सक्ती नाही.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, उडवणारही नाही. पुढच्या वेळी खरं नाव टाकलंत तर ‘तुम्ही’चं ‘तू’ करता येईल, वयाने लहानच असणार. पुढच्या रविवारी जॉर्ज हॅरिसनवर लिहितोय. तोही गोराच आहे, आत्ताच सांगून ठेवतो.