पाणी आलं, जपानीत

बेळगावात काही वॉर्डांत नळाला चोवीस तास पाणी असतं. तिथल्या लोकांना पेटी शिकणं, गुलाब लावणं असले छंद परवडतात. आमच्या गल्लीत पाणी काही दिवसांआड येतं आणि तेही त्याच्या मर्जीनं. त्यामुळे आमच्या वडगावात ज्याला म्हणून सोल्डरिंग जमतं, तो फिरून फिरून नळापाशीच येतो.

आमचा रविवारचा कंपू यंत्रमागाच्या एका बंद शेडमध्ये भरतो. डिप्लोमाची दोन पोरं, धारवाडकडचा एक दोस्त, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत जन्म घालवलेले मामा आणि मी. आर्डुइनो म्हणजे हवा तसा प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड; त्याच्या तेरा नंबरच्या पिनवरचा दिवा लुकलुकवण्यापासून सगळ्यांची सुरुवात. त्याआधी अख्खी दुपार बोर्ड कॉम्प्युटरला का दिसत नाही यात जाते. मग कळतं की केबल नुसती चार्जिंगची, तिच्यात डेटाच्या तारा नाहीतच. असल्या केबली प्रत्येक घरात असतात आणि हाताला नेमकी तीच लागते.

पाणी आल्याची वर्दी देणारं यंत्र कागदावर सोपं. पाइपात फ्लो सेन्सर, म्हणजे वाहतं पाणी मोजणारा, बसवायचा. त्याच्या आत भिंगरी, भिंगरीत चुंबक, बाहेर हॉल सेन्सर, चुंबक समोरून गेलं की विजेचा एक ठोका देणारा. आम्ही आणला त्याचे लिटरमागे साधारण ४५० ठोके पडतात. ठोके यायला लागले की आर्डुइनोनं बझर वाजवायचा आणि डिस्प्लेवर लिहायचं, ‘पाणी आलं’.

या लिहिण्यावर आमचे तीन रविवार गेले असतील नसतील, पण चहा बराच गेला.

सोळा बाय दोनचा तो स्वस्त डिस्प्ले. त्याच्या पोटात इंग्रजी अक्षरं तयार असतात आणि आमच्या नगाच्या पोटात चक्क जपानी काताकानाही निघाली. म्हणजे पाट्या कुठल्या भाषेत यावरून इतकी वर्षं तापलेल्या या मुलखात, आमचा नळ विनातक्रार जपानी बोलायला तयार होता. मराठी नाही, कन्नड नाही. स्वतः काढलेली अक्षरं एका वेळी फक्त आठ. प्रत्येकाला पाच बाय आठ ठिपक्यांचं घर.

मी चौकटीच्या वहीत ठिपके भरत बसलो. प काढला, काना काढला, ण काढला. दोन घरांच्या मधे काचेतच फट असते, त्यामुळे शिरोरेषा जोडायला तयार नाही. आणि शिरोरेषा पहिल्याच ओळीत बसल्यावर ‘लं’चा अनुस्वार कुठे द्यायचा? तो मी शेवटी बाजूला टेकवला. एवढं करून ‘पाणी आलं’नं सहा घरं खाल्ली.

“मग आमाला दोनच?” दोस्त म्हणाला.

दोन घरांत त्यानं कन्नडमध्ये ‘नीरु’ बसवलं. ‘नी’च्या दीर्घाची शेपटी घराबाहेर राहिली, ती त्यानं कापली. “बंतु लिवायला नको,” म्हणाला, “नीर दिसलं म्हंजे आलंच की.” सीमाभागातला इतक्या झटपट सुटलेला दुसरा वाद मला आठवत नाही.

घरी बसवलं. आईनं डिस्प्लेकडे बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं आणि विचारलं, “मुंग्या लागल्यात काय रे त्याला?”

बझरची गत वेगळीच. शेजारी यंत्रमाग. दिवसभर खडखडाट, त्यात आमची टिवटिव कुणाच्या कानात जाणार? मामांना हे अपमानास्पद वाटलं. ते कुठूनसा कारखान्याच्या पाळीचा भोंगा घेऊन आले आणि रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारं विजेचं बटण) लावून जोडूनही टाकला. दिवसा चाचणी झाली. मागांच्या आवाजावर मात केली म्हणून टाळ्या पडल्या.

पण रात्री माग बंद असतात.

पहाटे तीनला भोंगा झाला. पलीकडच्या गल्लीतले लोकही घागरी घेऊन बाहेर. कळश्या लागल्या, टाकीची झाकणं उघडली, कुणीतरी मोटर चालू केली. नळातून आवाज आला, ‘फस्स’. मग परत ‘फस्स’. थेंब नाही. रिकाम्या पाइपात पाणी शिरतं तेव्हा पुढची हवा आधी बाहेर पडते, आणि हवेला भिंगरी पाण्याहून जोरात फिरते. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. ठोके आले होते, भरपूर आले होते. हे मी घागरी धरलेल्या वीस-पंचवीस माणसांना समजावून सांगत होतो.

“म्हंजे वाऱ्याला भोंगा दिलास,” समोरच्या काकी म्हणाल्या.

पाणी आलं तासाभरानं. तेव्हा भोंगा वाजला नाही, कारण तोवर मामांनी त्याची वायर ओढून काढली होती.

आता सेन्सरच्या पुढे दोन स्टीलच्या सळ्या घालायच्या ठरल्यात. पाण्यातून वीज जाते, हवेतून जात नाही. सळ्यांना सतत डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा करंट, दिला तर त्या झिजतात, म्हणून एकेक क्षणच द्यायचा, असं पोरांचं म्हणणं. मामांना भोंगा बदलायचा नाही. आणि काकींनी आईला निरोप धाडलाय, “यंत्र ऱ्हाऊ दे, पण भोंग्याचं बटण आमच्या घरात लावा.”