सदतीस फोटोंचं बिऱ्हाड

ऑफर संपायला १४ मिनिटं उरली होती आणि डेबिट कार्ड माझ्या हातात होतं. आतून हिचा आवाज आला, "अहो, झोपायचं नाही का?"

"होस्टिंग घेतोय."

"या वयात?"

प्रश्न रास्त होता. ३४ वर्षं बँकेत बसून मी लोकांना 'कागद नीट वाचा, मग सही करा' असं सांगत आलो. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला आणि दर रविवारी नांदूर मध्यमेश्वरला जाऊन पाणपक्ष्यांचे फोटो काढायला लागलो. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते २०२० साली जाहीर झालं. पण मी निफाडच्या दिशेने निघालो की शेजारी अजून "येताना द्राक्षं आणा" एवढंच सांगतात. फोटो दाखवून दाखवून घरचे लपायला लागले, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अॅडमिनने हात जोडले. मग ठरवलं, स्वतःची वेबसाइट काढायची. थंडीत चक्रवाक यायच्या आत.

पत्ता (डोमेन) वेगळा विकत घ्यायचा आणि साइट ठेवायची जागा (होस्टिंग) वेगळी भाड्याने घ्यायची, हे कळायलाच मला चार दिवस लागले. पत्त्यासाठी नाव ठरलं 'पाणपक्षी'. शेवटी डॉट भारत लावून देवनागरीत पत्ता घेता येतो, २०१४ पासून. मी खूश. तर पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, तो पत्ता कॉपी करून पाठवलास ना, तर कधी कधी एक्स-एन-डॅश-डॅश असं भलतंच उमटतं. लोकांना व्हायरस वाटेल." आलो इंग्रजीवर. तिथे एक 'ए' घातला तर पॅनपक्षी, म्हणजे आयकर खात्याचा पक्षी. दोन घातले तर पानपक्षी, तो पिंका टाकत उडणार. शेवटी दोन घातले. आपल्याकडे करदात्यांपेक्षा पान खाणारे जास्त भेटतात.

आता जागा. भाच्याने फोनवर प्रकार समजावले. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका सर्व्हरवर शेकडो साइट. मी पंचवटीतल्या वाड्यात वाढलोय, १६ बिऱ्हाडं आणि नळ एक. कुणी पाइप लावून स्कूटर धुतली की आमची बादली टुकटुक बघत बसायची. त्यामुळे 'शेअर्ड' म्हटल्यावर पोटात गोळाच आला. व्हीपीएस म्हणजे त्याच इमारतीत नळ स्वतःचा, पण नळ गळला की पाना घेऊन तुम्हीच वाकायचं.

"व्हीपीएसच घे मामा. उद्या साइट व्हायरल झाली तर? ट्रॅफिक एकदम वाढतं."

मला लगेच दुतोंड्या मारुती दिसला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक गोदेवर जाऊन मारुतीच्या किती वर पाणी चढलं ते बघतं. गुडघे, कंबर, गळा. तशी माझ्या जांभळ्या पाणकोंबडीवर जगभरातून लोकांची लाट आलीये, सर्व्हरच्या गळ्यापर्यंत पाणी आलंय, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

पण एका होस्टिंगवाल्याच्या चॅटवरच्या मुलाने विचारलं, महिन्याला किती लोक येतील? खोटं लिहायची सवय नाही. बोटांवर मोजून लिहिलं, "अकरा. पैकी दोघं सध्या गावाला आहेत." बराच वेळ तिकडून काही आलं नाही. मग त्याने मला त्यांचा 'बिझनेस प्रो' प्लॅन सुचवला.

त्या प्लॅनमध्ये सगळं अनलिमिटेड होतं. नाशिकच्या माणसाला हा शब्द शिकवायला नको. आमच्या नेहमीच्या मिसळवाल्याकडे रस्सा अनलिमिटेड आहे. पाव मात्र दोन, तिसऱ्याचे पैसे वेगळे. रस्सा पिऊन कोणाचं पोट भरतं? मी अटींचं पान उघडलं, तर जागा अनलिमिटेड पण फाइलींच्या संख्येला मर्यादा, आणि सर्व्हरवर फार भार टाकलात तर आम्ही तुमची साइट थांबवू. म्हणजे वाढा हवं तेवढं, जेवा बेताने.

हे सगळं वाचूनही त्या रात्री मी कार्ड हातात घेऊन बसलो होतो, ते केवळ त्या उलट्या घड्याळापायी. महिना ७९ रुपये, ऑफर आत्ता संपणार. हिच्या त्या 'या वयात'ने हात अडला एवढंच. मग म्हटलं, आता संपलेलीच बघू. तीन, दोन, एक, शून्य. पान पुन्हा उघडलं. ऑफर संपायला दोन तास. मेन रोडच्या एका दुकानावर 'फक्त शेवटचे तीन दिवस' असा कापडी फलक आहे, त्याच्याखालून माझी वरात गेली होती. तो आठवला आणि मी शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी शाळासोबती भेटला. त्याची निफाडकडे द्राक्षबाग आहे, बेदाणा करतो, शीतगृहात ठेवतो. माझं रडगाणं ऐकून म्हणाला, "माल किती?"

"कसला माल?"

"तुझा रे. ठेवायचं काय आहे तिथं?"

तीन आठवड्यांत हा प्रश्न मलाही पडला नव्हता. चार हजार फोटोंपैकी पक्ष्याचं तोंड माझ्याकडे आहे असे फोटो निघाले ३७. एकेक आठ एमबीचा धरला तरी २९६ एमबी. भाच्याने सांगितल्याप्रमाणे लहान करून तीनशे केबीवर आणले, तर सगळे मिळून ११ एमबी. आणि मी बघत होतो ५० जीबीचे प्लॅन.

"सदतीस बॉक्स ठेवायला अख्खं शीतगृह घेतं का कोणी? आणि यंदाचं भाडं विचारलंस, पुढच्या सीझनचं विचारलंस का?"

घरी येऊन मी चष्मा पुसला आणि कर्जाच्या अर्जाकडे बघायचो तसं त्या ७९ रुपयांकडे बघितलं. ४८ महिन्यांचे एकरकमी भरले तरच ७९. म्हणजे ३,७९२, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४,४७४ रुपये ५६ पैसे. आणि पुढे नूतनीकरण महिना ४४९ ने. हे अक्षर मुंगीच्या पायाएवढं. शिवाय कार्टात मी न मागितलेल्या चार गोष्टींवर आधीच बरोबरच्या खुणा. त्यात एसएसएल वर्षाला ९९९! काही ब्राउझरांत पत्त्यापुढे कुलूप दिसतं ना, ते. लेट्स एन्क्रिप्टचं ते प्रमाणपत्र फुकट मिळतं, पुष्कळ होस्टिंगवाले स्वतःच बसवून देतात. कोथिंबीर फुकट मिळते म्हणून भाजीवाल्यावर खूश होणारे आपण, इथे तिचेच पैसे मोजणार होतो.

शेवटी दुसऱ्याच एकाकडे साधं शेअर्ड घेतलं. एक वर्षाचं, १,८०० अधिक जीएसटी, २,१२४ रुपये. पुढच्या वर्षीचा दर त्यांनी तिथेच छापला होता, तो वाचून छातीत कळ आली नाही. सर्व्हर मुंबईचा. सिंगापूर स्वस्त होतं, पण बघणारे अकराही जण इथलेच. आम्हाला कसारा घाटातून चार तास लागतात, फोटोंना लागत नाहीत. बॅकअपचे पैसे मात्र आनंदाने दिले, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घालून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली.

पत्ता नव्या जागेकडे वळवायला नेमसर्व्हर बदलले आणि कळलं की पत्ता सगळीकडे पोचायला २४ ते ४८ तास लागू शकतात. नेमकी त्या दिवशी संकष्टी. आषाढातलं आभाळ. ही गच्चीवर जाऊन चंद्र शोधत होती, मी खाली साइट. हिने सातपूरला बहिणीला फोन लावला, "दिसला का गं?" मी पुण्याला, "दिसली का रे?" भाच्याला दिसत होती. ओझरच्या मेहुण्यांना नव्हती. माझ्याच घरात मोबाइलच्या नेटवर दिसे, वायफायवर दिसेना. पावणेदहाला ही ओरडली, "दिसला!" आणि आम्ही मोदक खायला बसलो.

जेवून उठलो तर वायफायवरही उघडली. पक्षी अजून चढवायचे होते, वरती नुसतंच 'हॅलो वर्ल्ड' लिहिलेलं. आणि खाली चक्क एक प्रतिक्रिया! इंग्रजीत 'हाय' वगैरे, नाव वर्डप्रेस कमेंटर. काँट्रॅक्टर, इंजिनिअर तसं कमेंटर. देवळालीकडचे कोणी पारशी गृहस्थ असावेत. वर्डप्रेस म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, आणि त्यावरच्या प्रत्येक नव्या साइटला ही प्रतिक्रिया आपोआप येते, असं भाच्याने रात्री अकराला सांगितलं. तोवर माझं उत्तर जाऊन पडलं होतं: "आभारी आहे कमेंटरसाहेब. थंडीत नांदूरला अवश्य या, दुर्बीण माझ्याकडे आहे."