क्लिअरिंगचा फोन आणि पोपटपंची: एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

निकालानंतर ब्रिटनमधल्या विद्यापीठांत रिकाम्या राहिलेल्या जागा फोनवर बोलून मिळवायच्या, ते क्लिअरिंग. त्या फोनच्या तयारीवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही कळवलंत: "तुमच्या सल्ल्याने मुलं पोपट होतात. कागद बघून वाचणारा मुलगा ॲडमिशनवाल्यांना लगेच कळतो. आणि निकालाने आधीच खचलेल्या अठरा वर्षांच्या लेकराला फोनवर एकटं बसवायचं, ही कुठली माया? आईने पाच मिनिटांत केलं असतं." दोन फोन झाल्यावर तुमचा मुलगा दार लावून बसलाय, हेही तुम्ही लिहिलंत. ते वाचल्यावर चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला जमलं नाही.

पोपटाबद्दल तुमचं बरोबर आहे. ‘उत्तरं लिहून ठेवा’ असं मी सरसकट लिहून गेले, ते चुकलं. खरं तर मला ते आधीच कळायला हवं होतं, कारण आमच्याच घरात हे घडलंय.

धाकटीला ए-लेव्हलला (म्हणजे तिकडची बारावी) बी, बी, सी मिळाले. पहिल्या पसंतीच्या विद्यापीठाला ए, बी, बी हवे होते, दुसऱ्याला तीन बी. यूकासच्या (विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या संस्थेच्या) टॅरिफमध्ये, म्हणजे गुणांत सांगायचं तर एकीकडे १२८, दुसरीकडे १२०, आणि हिच्या हातात ११२. सकाळी आठला निकाल लागला, साडेआठला ती वही मांडीवर घेऊन जिन्यात बसली होती. ‘बायोमेडिकल सायन्सच का’ याचं उत्तर आदल्या रात्री पानभर लिहून ठेवलेलं. बराच वेळ होल्डवरचं संगीत वाजलं, मग एक बाई आल्या. हिने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांनी विचारलं, "केमिस्ट्रीत सी कशामुळे आला?" ते पानावर नव्हतं. तिचं बोट परत पहिल्या ओळीवर गेलं. मी वरच्या पायरीवरून बघत होते. त्या बाई तुसड्या वागल्या नाहीत, पण "आम्ही कळवतो" म्हणाल्या आणि फोन संपला.

ते पान तिने स्वतःच उलटं केलं आणि मागे मोठ्या अक्षरांत पाच शब्द लिहिले: आजी, प्लेटलेट, मोजणी आणि त्यांच्या खालच्या ओळीत ऑरगॅनिक, वेळ. आजी डेंग्यूने आजारी असताना रोज प्लेटलेटचा आकडा यायचा, तो नेमका कसा मोजतात हा प्रश्न तिच्या डोक्यात तेव्हापासून होता. आणि केमिस्ट्रीत ऑरगॅनिकच्या प्रश्नांना वेळ पुरला नव्हता, एवढीच साधी हकिकत. पुढच्या फोनवर तिला वाचायला काही नव्हतंच, त्यामुळे तिला समोरच्याचा प्रश्न ऐकू आला. तिसऱ्या फोनवर तोंडी होकार मिळाला.

म्हणून आता मी असं म्हणेन: कारणं लिहायची ती नुसत्या शब्दांत, वाक्यं करायची नाहीत. आकडे मात्र जसेच्या तसे उतरवून ठेवायचे. यूकासचा दहा आकडी पर्सनल आयडी, क्लिअरिंग नंबर, कोर्सचा चार अक्षर-आकड्यांचा कोड, प्रत्येक विषयाचा ग्रेड, आणि जीसीएसईचं (तिकडच्या दहावीसारख्या परीक्षेचं) इंग्लिश अन् गणित, कारण ते हमखास विचारतात आणि हमखास आठवत नाहीत.

आता आईने फोन करण्याबद्दल. मीही केला होता, धाकटी रडत होती म्हणून. पलीकडून अगदी नम्रपणे, "तिला फोन देता का?" अर्जदाराची माहिती त्याच्या संमतीशिवाय ते दुसऱ्याशी बोलत नाहीत, मग ती आई का असेना. अर्जात ‘नॉमिनेटेड ॲक्सेस’मध्ये तुमचं नाव दिलेलं असेल तर तुम्हाला बोलता येतं, ते एकदा तपासा. तरीही ‘हा कोर्स का’ हे त्यांना मुलाच्याच तोंडून ऐकायचं असतं. त्याच्या जागी आपण बोललो की त्यांना काय वाटत असेल, याचा विचार करून बघा.

पण एकटं बसवा असं मी कधीच म्हटलं नाही, ताई. शेजारी बसा आणि पेन तुमच्या हातात ठेवा. तो बोलत असताना वेळ, बोलणाऱ्याचं नाव, होकार नक्की कुठल्या कोर्सला दिला आणि कधीपर्यंत उत्तर हवंय हे टिपून घ्या. बोलता बोलता ‘फाउंडेशन इयर’ असा शब्द आला तर कागदावर मोठं प्रश्नचिन्ह काढून त्याच्यासमोर धरा: त्यात एक वर्ष जास्त लागतं आणि त्या वर्षाची फीही असते. आनंदाच्या भरात मुलं ते ऐकतच नाहीत. हॉस्टेलचंही तेव्हाच विचारायला लावा.

तोंडी होकार दोन-तीन ठिकाणांहून घेता येतात, पण यूकासवर क्लिअरिंगची निवड एका वेळी एकच घालता येते, आणि तीही विद्यापीठाने हो म्हटल्यावरच. तेव्हा पहिल्या होकाराला लगेच बटण दाबायला लावू नका, मुदत विचारा. आणि एखादी जागा हातात असून ती बदलायची असेल, तर ‘डिक्लाइन’चं बटण नवीन ठिकाणचा होकार मिळाल्याशिवाय अजिबात दाबायचं नाही. सोडलेली जागा परत मागता येत नाही.

दोन फोनांत झालं नाही म्हणजे संपलं असं नाही. क्लिअरिंग ऑक्टोबरपर्यंत चालू असतं आणि जागा मध्येच सुटतात. आज नाही म्हणालेलं विद्यापीठ दोन दिवसांनी हो म्हणू शकतं, तेव्हा त्याच नंबरवर पुन्हा लावायला लाजू नये.

मूळ लेखातली ‘उत्तरं लिहून ठेवा’ ही ओळ मी आज बदलली आहे. आणि त्याला चालणार असेल तर उद्या सकाळी अकराला त्याला माझ्याशी बोलू द्या. मी ॲडमिशनवाली होईन, मध्येच तोडून प्रश्न विचारेन. त्याच्याजवळ शब्दांचा कागद असू दे. माझा नंबर तुम्हाला ईमेलने पाठवते.