सातारा–टॅलाडेगा विनाथांबा

आमचे सासरे, म्हणजे अण्णा, सातारा डेपोतून निवृत्त झालेले एसटीचे ड्रायव्हर. 31 वर्षं नोकरी, एकही अपघात नाही, त्याबद्दल मिळालेला बिल्ला अजून कपाटात मखमली डबीत. ते तीन महिने राहायला आले आणि पहिल्याच दिवशी, विमानतळावरून घरी येताना, माझ्या लक्षात आलं की अमेरिकेत ड्रायव्हरशेजारची सीट उजवीकडे असते. म्हणजे अण्णा त्यांच्या नेहमीच्याच जागेवर बसले होते. फक्त समोरचं स्टिअरिंग कुणीतरी काढून नेलं होतं.

अटलांटात मी बारा वर्षं गाडी चालवतोय. पण त्या दिवसापासून माझं लर्निंग लायसन पुन्हा सुरू झालं. सिग्नल लांब दिसला की अण्णांचा उजवा पाय खालची मॅट दाबायचा. मी वेळेत ब्रेक मारला तर ते काही बोलत नसत. नाही मारला तर एवढंच म्हणायचे, "जावईबापू, आरसा बघत चला." समोरच्या सिग्नलचा आरशाशी काय संबंध, हे विचारायची माझी छाती नव्हती.

अशात शेजारीबुवांनी बोलावलं. हे सत्तरीचे गृहस्थ मूळचे अलाबामाचे. डोक्यावर कायम 3 नंबरची काळी टोपी, आणि अण्णांना पहिल्या भेटीपासून 'सर' म्हणणारे. त्यांच्याकडे टॅलाडेगाच्या 'नॅसकार' मोटार शर्यतीची तिकिटं होती आणि मुलाला ऐन वेळी जमत नव्हतं. मला वेगाची भीती, आवाजाचा त्रास आणि गर्दीचा कंटाळा, त्यामुळे मी विनम्र नकाराची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "कसली शर्यत? बैलगाड्यांची?"

"नाही अण्णा, मोटारींची."

"चला."

तारीख होती 6 ऑक्टोबर 2024. नवरात्राची चौथी माळ. अण्णांचे नऊ दिवस उपवास, त्यामुळे हिनं साबुदाण्याची खिचडी, रताळ्याच्या कापा आणि ताकाची बाटली अशी मोट बांधून दिली. मला वाटलं, डबा दारावरच अडवतील. पण इथल्या शर्यतींची ही एक गोष्ट मला मनापासून आवडली: प्रेक्षकाला स्वतःचा डबा, एवढंच काय स्वतःची बिअरसुद्धा आत नेता येते. फक्त काच नको. आपल्याकडे मल्टिप्लेक्सच्या दारात पर्समधून चकल्या जप्त होताना पाहिलेल्या माणसाला याचं मोल कळेल.

आय-20 हायवेनं पश्चिमेला निघालो. मी स्टिअरिंगवर, अण्णा आपल्या जागेवर, शेजारीबुवा मागे. जॉर्जियाची हद्द संपून अलाबामा लागलं की घड्याळ एक तास मागं जातं. हे अण्णांना सांगितलं, तर ते खूश झाले. "म्हणजे गाडी कितीबी लेट झाली तरी वेळेत. असा एखादा टप्पा आमच्या रूटवर पाहिजे होता."

वाटेत शेजारीबुवांनी गाडी थांबवायला लावली आणि एका टपरीवरून वाफाळता ग्लास घेऊन आले. आत उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा! दक्षिण अमेरिकेत नव्हे, अमेरिकेच्या दक्षिणेत, हा त्यांचा जिवाभावाचा खाऊ आहे. अण्णांनी एक शेंग फोडली, पाणी चोखलं, दाणे खाल्ले आणि शेजारीबुवांच्या पाठीवर अशी थाप मारली की इंग्रजी-मराठीचा प्रश्न तिथंच मिटला. मीठ सैंधव आहे का, यावर हिला फोन करून निकाल घ्यावा लागला. निकाल आमच्या बाजूनं लागला.

आता त्या जागेबद्दल. टॅलाडेगाचा ट्रॅक म्हणजे 2.66 मैलांचा, सव्वाचार किलोमीटरचा, एका बाजूला पोट सुटलेला लंबगोल. जुन्या विमानतळाच्या जागेवर बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थांनी तो 1969 मध्ये बांधून घेतला. वळणांवर रस्ता 33 अंशांत तिरका आहे. 33 अंश हे कागदावर किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात तो रस्ता नसून छप्पर आहे. अण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. खंबाटकी घाट पावसाळ्यात, रात्री, एका दिव्यावर उतरलेला माणूस. शेवटी म्हणाले, "इथं गाडी हळू चालवली तर खाली घरंगळंल."

घरंगळत नाही, पण तो उतार वेगासाठीच आहे, हे तिथल्या विद्येचं मर्म आहे.

शेजारीबुवांनी मग पहिल्याच शर्यतीची कथा सांगितली. ट्रॅक इतका वेगवान निघाला की टायर टिकेनात. रिचर्ड पेटी हा त्या काळचा सम्राट; त्याच्या पुढाकारानं नावाजलेल्या ड्रायव्हरांनी गाड्या भरल्या आणि निघून गेले. फ्रान्ससाहेबांनी उरल्यासुरल्यांना आणि नवख्यांना घेऊन शर्यत उरकली, आणि रिचर्ड ब्रिकहाउस नावाचा फारसा कुणाला माहीत नसलेला गडी जिंकला. मी हे अण्णांना मराठीत सांगितलं. ते एकदम गंभीर झाले.

"म्हणजे संप फोडला."

"तसंच काहीसं."

"आणि मागण्या? मान्य झाल्या का?"

मी विचारलं. 55 वर्षांत हा प्रश्न शेजारीबुवांना कुणी विचारला नसावा. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. आमची शर्यत सुरू होईपर्यंत अण्णा ब्रिकहाउसवर नाराज होते.

शर्यतीआधी एक लांबलचक प्रार्थना झाली, मग राष्ट्रगीत. अण्णा टोपी काढून उभे राहिले. "पूजा केल्याशिवाय गाडी काढत नाहीत, हे बरं आहे." त्यानंतर त्यांनी शेजारीबुवांमार्फत गाड्यांची तपासणी सुरू केली, आणि माझी खरी हमाली सुरू झाली.

दरवाजे? उघडत नाहीत, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. हॉर्न? नाही. पुढचे दिवे? ते स्टिकर आहेत. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की स्टिकर मीच लावलेत. स्पीडोमीटर? नाही. तेलाचा काटा? तोही नाही, किती उरलं याचा हिशेब बाहेरची माणसं करून सांगतात.

"मग या गाड्यांचं पासिंग कुठल्या आरटीओनं केलं?"

याचं भाषांतर मी केलं नाही. दोन देशांचे संबंध मला टिकवायचे होते.

"आरसा आहे?"

"आहे."

"मग काय नाय होत," म्हणून अण्णा बसले.

चाळीस गाड्या सुटल्या. तो आवाज सांगून कळायचा नाही. तो कानात येतच नाही; खुर्चीतून पाठीच्या कण्यात शिरतो आणि कवळ्या असतील तर तिथून बाहेर पडतो. कानांत बोळे घालून, डावीकडे साताऱ्याची आणि उजवीकडे अलाबामाची भाषा घेऊन मी मध्ये बसलो होतो. एक फेरी साधारण पन्नास सेकंदांची. सगळ्या गाड्या झुंडीनं पुढ्यातून जायच्या तेव्हा जग बंद. मग त्या पलीकडे गेल्या की अर्ध्या मिनिटाची उघडीप. माझं सगळं भाषांतर अशा हप्त्यांनी चाललं होतं. अण्णांचा प्रश्न एका फेरीत, शेजारीबुवांचं उत्तर दुसऱ्या फेरीत, आणि ते माझ्याकडून अण्णांकडे पोचेपर्यंत आघाडीवरची गाडी बदललेली.

आघाडीवरून आठवलं. 2010 आणि 2011 च्या वसंतातल्या शर्यतींत इथं प्रत्येकी 88 वेळा आघाडी बदलली, आणि याचं इथल्या लोकांना केवढं कौतुक. मी महाराष्ट्राचा आहे असं सांगून गप्प बसलो.

हे घडतं त्याला कारण आहे. पुढची गाडी हवा कापते, मागचीला आयतीच पोकळी मिळते. पण दोघी चिकटून गेल्या की दोघींचा वेग वाढतो, पुढचीचासुद्धा. एकटा कितीही शूर असला तरी मागं पडतो. म्हणून प्रत्येक जण कुणाला तरी चिकटतो, आणि शेवटच्या फेरीत ज्याला चिकटला त्यालाच सोडून पळतो. यावर अण्णांना भाषांतराची गरज पडली नाही. "ट्रकच्या मागं लावली की गाडी हलकी चालते, आम्हाला माहीत आहे की."

बरं, सगळ्या गाड्या एका झुंडीतच का? तर 1987 मध्ये बिल एलियटनं इथं पात्रता फेरीत ताशी 212.809 मैल, म्हणजे 342 किलोमीटरचा वेग गाठला. त्याच वर्षी बॉबी ॲलिसनचा टायर फुटून गाडी हवेत उडाली आणि प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. मग 1988 पासून इंजिनात जाणारी हवाच कमी करून टाकली.

"स्पीड लॉक!" अण्णा ओरडले. आमच्या आसपासचे चार-पाच लोक वळले. आपल्या एसटीला बसवलेलं स्पीड लॉक अमेरिकेच्या वाघांनाही बसवलंय, या बातमीनं त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. सगळ्यांची ताकद सारखी, म्हणून कुणालाच सुटून पुढं जाता येत नाही, म्हणून झुंड, आणि झुंडीत एकाचा पाय घसरला की दहा-वीस जणांची माती. त्या सामुदायिक आपटीला इथले लोक प्रेमानं 'बिग वन' म्हणतात आणि तिची वाट बघतात. मला ही वाट बघणं जरा अघोरी वाटलं. वाट मात्र मीही बघत होतो.

शेजारीबुवांनी आपल्या रेडिओचे हेडफोन अण्णांच्या कानांवर चढवले. त्यावर ड्रायव्हर आणि त्याच्या माणसांचं बोलणं ऐकू येतं. प्रत्येक गाडीचा एक माणूस उंच छपरावर उभा असतो आणि बाजूला कोण आहे, जागा झाली का, हे ड्रायव्हरला सांगत राहतो. अण्णांना इंग्रजी येत नाही, पण 'क्लिअर' येतं. दोन मिनिटांत त्यांनी निदान केलं: "कंडक्टर टपावर बसवलाय."

आणि मग दिवसातला सगळ्यात मोठा शोध. पहिल्या टप्प्यात गाड्या तीन-तीनच्या रांगा लावून जात होत्या, कुणी जोर करत नव्हतं. अण्णा इंजिनचा आवाज ऐकत होते. "जावईबापू, हे पाय उचलून चालवतायत. डिझेल वाचवतायत."

मी हसलो. ताशी तीनशेच्या आसपास किलोमीटरनं पळणारा माणूस तेल कशाला वाचवेल? तरी विचारलं. शेजारीबुवांचं तोंड पडलं. हो, म्हणाले, हल्ली असंच करतात. तेल वाचवलं की पिटमध्ये, म्हणजे तेल-टायरच्या थांब्यावर, भरायला कमी वेळ लागतो, आणि तिथं वाचवलेला सेकंद रस्त्यावर कमावता येत नाही. जुन्या प्रेक्षकांना याची लाज वाटते. अण्णांना मात्र भरून आलं. दहा लिटरमागे किती किलोमीटर काढले, याचा जाब ज्यानं आयुष्यभर दिला, त्याला सातासमुद्रापार भाऊबंद सापडले होते.

दुपारी डबा उघडला. चहूबाजूंनी मांस भाजल्याचा धूर, आणि मध्ये आमची खिचडी. शेजारीबुवांनी टॅपिओकाचे मोती ओळखले, घास घेतला आणि अतिशय सभ्यपणे विचारलं की साखर घालायची राहून गेली का. त्यांच्याकडे याची खीर करतात. मग त्यांनी टोपीवरच्या 3 नंबरची गोष्ट सांगितली. डेल अर्नहार्ट, इथं दहा वेळा जिंकलेला. 2000 च्या ऑक्टोबरात पाच फेऱ्या उरलेल्या असताना अठरावा होता, आणि पहिला आला. ती त्याची शेवटची जीत. चार महिन्यांनी फ्लोरिडातल्या डेटोनाच्या ट्रॅकवर शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. हे भाषांतर करताना मला ओरडावं लागत होतं, आणि असलं काही ओरडून सांगायचं नसतं. अण्णांनी रताळ्याची काप त्यांच्यापुढं केली.

शेवटच्या पाच-सहा फेऱ्या उरल्या होत्या. चार तास दोन्ही बाजूंचं ओझं वाहून, ताकाच्या बाटलीसकट, मला स्वच्छतागृह गाठणं भाग होतं. मी रांगेत होतो. अचानक हजारो लोकांचा एकच 'आऽऽ' ऐकू आला, आणि मग ज्याची दिवसभर आस धरली होती ती शांतता. परत येऊन बघतो तर समोर भंगारबाजार. अण्णा उभे होते, हाताची घडी घालून, चौकशी समितीसारखे.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. "मी मोजल्या."

नंतर कळलं, त्यांचा आकडा अचूक होता. नॅसकारच्या 'कप' या मुख्य मालिकेच्या इतिहासात एका अपघातात एवढ्या गाड्या सापडल्याची नोंद नव्हती. मी 160 किलोमीटर जाऊन, चार तास बसून, विक्रमाच्या वेळी हात धूत होतो. कुणाला गंभीर इजा झाली नाही, म्हणून निदान हळहळायला मोकळा होतो.

"झालं काय?"

"मागच्यानं मधल्याला रेटलं, मधल्यानं पुढच्याला. पुढचा आडवा." अण्णांनी पंचनामा संपवला. "नेहमीचंच."

जादा फेऱ्यांत रिकी स्टेनहाउस ज्युनियर फक्त 0.006 सेकंदानं जिंकला. त्याचं कौतुक मला फार नीट करता आलं नाही.

खरी शर्यत पार्किंगमध्ये होती. गवताच्या मैदानातून हायवेपर्यंतचं अंतर चालत दहा मिनिटांचं. आम्हाला पावणेदोन तास लागले. पुढचा पिकअप, मागचा पिकअप, मध्ये मी. अण्णा खिडकीतून अर्धे बाहेर: "येऊ द्या... येऊ द्या... बास. आता घ्या डावी." मागून शेजारीबुवा, तेवढ्याच गांभीर्यानं: "क्लिअर." गाडी मोकळी झाली तेव्हा अण्णांनी डॅशबोर्डवर दोनदा टिचकी मारली, टण टण, आणि डोळे मिटले. हायवेभर मी ताशी पासष्ट मैलांच्या वर गेलो नाही. मागचे सगळे हॉर्न वाजवत पुढं गेले.

अलाबामात मिळालेला तास जॉर्जियात परत द्यावा लागला. रात्र झाली होती. घराच्या कोपऱ्यावर मी डावीकडं वळलो, गाडी दारात लावली, किल्ली काढली. शेजारीबुवा मागं घोरत होते. अण्णांनी डोळे उघडले.

"दिवसभर डावंच वळण बघितलं," ते म्हणाले, "तरी आरसा बघितला नाहीत."